तळ्याकाठी बांधलेला घोडा

मंगळवारपासून माझा घोडा
तळ्याकाठी बांधलेला आहे.
खोगीर उतरवायचं राहून गेलं.
वीज गेली नव्हती, डोळा लागला नव्हता,
पडद्यावर फक्त एक चौकोन आला:
आपली ओळख पटत नाही. जोडणी तपासा.

रुवैसच्या या कॅम्पात जोडणी
संध्याकाळी सहानंतर मरते.
बाराशे माणसं एकदमच
आपापल्या बायकांचे चेहरे मागवतात,
ते येतात तुकड्यातुकड्यांनी,
आधी कपाळ, बऱ्याच वेळाने हसू.
त्या गर्दीत माझ्या काजळ्याला
वाट कोण देणार, आणि कशी मागू मी?

दोनशे एकोणतीस दिरहॅम.
मुसफ्फात रोख मोजले, पावती घेतली.
घरी सांगितलं, या महिन्यात ओव्हरटाइम कमी लागला.
खोका फोडला तर आत तबकडी नाहीच,
पंचवीस अक्षरांची चिठ्ठी,
तीही एकदाच पेटणारी, काडीसारखी.

मग लॅपटॉपची रॅम बदलली
तर म्हणे हे मशीन नवं,
म्हणजे तुम्हीही नवे, पुन्हा सिद्ध करा.
आईचा गुडघा बदलला तेव्हा
आम्ही तिला आई म्हणायचं थांबलो नव्हतो.

वरच्या बंकवर शिहाब खेळतो.
तोच खेळ, तेच तळं.
पेनड्राइव्हवर आणलाय, कोणाकडून
ते त्याला आता आठवतही नाही.
त्याला कोणी काही विचारत नाही.
रात्री दीडला तो खाली वाकून म्हणाला,
भाई, तू पैसे का दिलेस?
थट्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

मला म्हणायचं होतं,
कुणीतरी कुठेतरी बसून
त्या काठाच्या गवताचं एकेक पातं
वाऱ्याला वाकायला शिकवलं असेल,
त्याच्या नावाने दिले.
पण माझं हिंदी तेवढं नाही.
मी म्हटलं, चूक झाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आई म्हणायची.
संन्यासी कसला मी,
गिऱ्हाईक. पावतीवरची शाई उडत चाललेलं.

पहाटे साडेचारला गेटवर अंगठा.
व्हॉल्व्ह आवळून आवळून रेषा गेल्यात,
यंत्र लाल होतं, परत लाल,
मागची रांग खाकरते.
टीकाराम तामाङ खुर्चीतून न उठता म्हणतो, जा दाजू,
आणि वहीत माझं नाव लिहितो,
नऊ वर्षं चुकीचंच, पण लिहितो.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे.
तोही माझाच, असं म्हणतात.

गुरुवारी रात्री शिहाबकडून पेनड्राइव्ह मागून घेतला.
स्वतःच्याच घरात
खिडकीतून उतरलो, खिशात किल्ली वाजत असताना.
अकरा मिनिटांत उघडलं सगळं,
कुणी ओळख विचारली नाही,
धुकं, तळं, ते शिकलेलं गवत.

झाडाला एक घोडा होता.
तांबडा. बिननावाचा, पहिल्या पानावरचा,
माझ्याकडे बघून कान न हलवणारा.
माझे चाळीस तास, माझी वळणं,
पूल कोसळला तेव्हा पोहत पार केलेली नदी,
यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

काजळ्या पलीकडेच,
त्यांच्या कुलपाआड, अजून खोगिरासकट.

वरून शिहाबने विचारलं, चाललं ना?
मस्त, मी म्हटलं,
आणि आवाज बंद करून
बराच वेळ त्या तांबड्याला
गवत खाताना बघत बसलो.